पेत्राचा प्रश्न लेखकाला पडतो तेव्हा

नाताळ विशेषांक घरी आला की लिहिणारा माणूस आधी अनुक्रमणिका उघडतो. स्वतःचं नाव सापडलं तरी नजर तिथे ठरत नाही, वर-खाली फिरत राहते. पहिला लेख कोणाचा, फोटो कोणाचा, कोणाची कविता पूर्ण पानावर चौकटीत आली आणि आपली कशी एका लेखाच्या शेवटी उरलेल्या जागेत बसवली, हे सगळं दोन मिनिटांत टिपून होतं. दुपारपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याच कोणाच्या लेखाचं कौतुक सुरू होतं. आपणही तिथे ‘फार सुंदर’ लिहितो. रात्री मात्र स्वतःची वही उघडायची इच्छा होत नाही.

ही अवस्था ज्यांना ओळखीची आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लेखकाचे किती तरी महिने या एका दुखण्यात वाया जातात. काही जण तर लिहिणंच सोडून देतात आणि ‘वेळ मिळत नाही’ असं सांगत राहतात.

मराठी ख्रिस्ती लेखकाला हे दुखणं जरा जास्तच जवळून भेटतं, कारण आपलं जग लहान आहे. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, जेझुइटांचा ‘निरोप्या’, वसईची ‘सुवार्ता’ आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांची छोटी पत्रकं, एवढीच आपली पेठ. लिहिणारे, वाचणारे, स्पर्धेचे परीक्षक आणि प्रकाशन समारंभाचे पाहुणे पुष्कळदा तेच ते. ज्याच्याशी तुलना व्हायची तो कोणी दूरचा नामवंत नसतो, रविवारी दोन बाकं पुढे बसलेला असतो. आणि जरा मान वर केली की पूर्वसूरी उभे असतात. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी मराठी शिकून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक. अगदी आपल्या डोळ्यांदेखत २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. अभिमान वाटतो आणि त्याच वेळी मनातून कोणीतरी विचारतं, या रांगेत तुझी जागा कुठे?

यात आणखी एक गुंता आहे. आपण हेव्याला हेवा म्हणत नाही. ‘माझी सेवा लोकांपर्यंत पोचत नाही’, ‘हल्ली खोल लेखनाची कदर राहिली नाही’, ‘प्रभूला सगळं ठाऊक आहे’ अशी धार्मिक वाक्यं आपण त्यावर पांघरतो. झाकलेलं दुखणं बरं होत नाही. म्हणून सुरुवात अगदी साधी करा. ज्याचं लेखन वाचून तुम्हाला त्रास होतो त्याचं नाव कागदावर लिहा आणि त्याच्यापाशी असलेलं नेमकं काय तुम्हाला हवं आहे ते एका वाक्यात लिहा. ‘तो चांगला लिहितो’ एवढ्याने भागणार नाही. त्याचे संवाद जिवंत उतरतात ते हवं आहे? त्याची ओळख मोठ्या प्रकाशकाशी आहे ते? पाळकसाहेब उपदेशात त्याच्या पुस्तकाचा उल्लेख करतात ते? की तो नोकरी सांभाळून रोज पहाटे लिहितो आणि तुम्हाला तेवढी सवड नाही, हे सलतं आहे? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारही औषधं वेगळी. संवाद शिकता येतात. ओळखी होतात किंवा होत नाहीत. पाळकसाहेबांच्या तोंडून नाव ऐकण्याची भूक मात्र लेखनाने कधीच भागत नाही. ती ओळखलेली बरी.

समुद्रकिनाऱ्यावर आणि राजवाड्याबाहेर

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय लेखकाने पुन्हा वाचावा. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकिनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजले जात आहेत. येशू पेत्राला तीन वेळा प्रेमाबद्दल विचारतो आणि तिन्ही वेळा कळप सांभाळायचं काम देतो. ज्याने तीनदा नाकारलं त्याला इतकं मोठं काम परत मिळालं. इथे कोणीही गहिवरून जाईल. पेत्र काय करतो? मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि त्याचं काय होणार म्हणून विचारतो. येशूचं उत्तर तोडून टाकणारं आहे. त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये, अशा अर्थाचं.

पुढची गोष्ट लेखकाच्या कामाची आहे. ज्या शिष्याकडे वळून पेत्राने बघितलं तोच पुढे हे सगळं लिहून ठेवणारा, असं तो अध्यायच सांगतो. म्हणजे त्या दोघांतला मोठा लेखक कोण, या प्रश्नाचं उत्तर पेत्राच्या विरुद्ध गेलं असतं. तरी येशूने त्याला ‘तूही लिहायला लाग’ असं सांगितलं नाही. दुसऱ्याची वाट कोणती हेही सांगितलं नाही. तुलनेला लागणारी माहिती पुरवायचं त्याने चक्क नाकारलं. आपण मात्र ही माहिती दिवसभर गोळा करत असतो, कोणाला किती प्रतिसाद, कोणाची कितवी आवृत्ती, कोणाला कुठलं निमंत्रण. नव्या पुस्तकाचे पहिले कच्चे खर्डे लिहीत असाल तेवढ्या काळापुरतं तरी ही माहिती येण्याची दारं बंद करा. फेसबुक फोनवरून काढून टाका, ग्रुप म्यूट करा. याला मी पळपुटेपणा मानत नाही. हा उपास आहे आणि उपासाची आपल्याला सवय असायला हवी.

दुसरा माणूस बारूख. यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक. यिर्मया सांगायचा आणि हा शाईने गुंडाळीवर उतरवायचा. त्याचा भाऊ सराया राजा सिद्कीयाच्या पदरी अधिकारी होता. बारूखाच्या वाट्याला आलेलं काम कसलं? लिहिलेली गुंडाळी राजा यहोयाकीमापुढे वाचली गेली तेव्हा राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपाशी बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग तो चाकूने कापायचा आणि आगीत टाकायचा. सगळी गुंडाळी जळून गेली. नंतर बारूखाने ती सगळी पुन्हा लिहिली आणि तीत आणखी भर पडली.

यिर्मयाच्या पुस्तकातला ४५ वा अध्याय अवघ्या पाच ओव्यांचा आहे आणि तो या एकट्या लेखनिकासाठी आहे. तो कण्हून थकला आहे, त्याला विसावा नाही, हे देव जाणतो. आणि तरी त्याला सांगतो की स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींच्या मागे लागू नकोस. मिळेल ते एवढंच, की तू जिथे जाशील तिथे तुझा जीव वाचेल. ज्यांना आपलं लेखन वाया गेलं असं वाटतं त्यांनी हा छोटा अध्याय तोंडपाठ करावा असं मला मनापासून वाटतं. देव बारूखाच्या थकव्याची हेटाळणी करत नाही, आणि त्याला खोटी आशाही दाखवत नाही.

टिळकांच्या घरात लिहिणं

आता आपल्याच भाषेतली एक बाई बघू, कारण तुलनेने गुदमरायची सगळी कारणं हिच्या घरात हजर होती.

लक्ष्मीबाई टिळक १८६८ सालच्या. मीठसुद्धा धुऊन घेण्याइतकं सोवळं पाळणाऱ्या वडिलांच्या घरात वाढलेल्या. शाळा नाही. लहानपणी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे पुढे नामांकित कवी ठरलेल्या माणसाशी. अक्षरओळख नवऱ्याकडून झाली. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, दोघांची ताटातूट झाली, मग पुन्हा संसार आणि पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा. घरात काव्याचं वातावरण. बालकवी ठोंबरे याच घरात राहिलेले. एका छपराखाली टिळक आणि बालकवी! या घरात हातात लेखणी धरणाऱ्या अर्धशिक्षित बाईला तुलनेचा धाक किती असेल याची कल्पना करून बघा.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर अडलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत. दुसऱ्याने सुरू केलेलं काम, तेही आपल्याहून थोर मानल्या गेलेल्या कवीचं, पूर्ण करायला बसणं याला फार मोकळं मन लागतं. मी त्याच्यापेक्षा बरी की वाईट, हा प्रश्न उशाशी ठेवून असं काम होत नाही.

पण त्यांचं नाव ज्याने राहिलं ते पुस्तक वेगळं आहे. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायच्या तयारीत होता. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात अशी त्याची इच्छा होती. त्या आठवणींतून १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ आलं. संस्कृतप्रचुर भाषा नाही, काव्याचा आव नाही. ओटीवर बसून बाई बोलते तसं ते पुस्तक बोलतं. सोवळं, भांडणं, रुसवे, टिळकांचा लहरीपणा, उपासमार, प्लेग, परक्याची मुलं सांभाळणं हे सगळं त्यात आहे. आज टिळकांच्या कवितेपेक्षा ‘स्मृतिचित्रे’चे वाचक कितीतरी जास्त असतील, असा माझा कयास आहे. टिळकांसारखं लिहायचा प्रयत्न त्यांनी त्यात केला असता तर एक दुय्यम टिळक तयार झाले असते. त्यांनी मुलाला हवी होती ती माहिती दिली, स्वतः पाहिलेली आणि सोसलेली. लिहिताना त्यांच्यासमोर एक खराखुरा वाचक होता आणि सांगायला दुसऱ्या कोणापाशी नसलेला ऐवज होता.

मला सगळा इलाज या दोन गोष्टींत दिसतो. तुलना मनाशी झगडून जात नाही. ‘मी कोणाशी तुलना करणार नाही’ असा निश्चय करून लिहायला बसलेला माणूस तुलनेचाच विचार करत असतो. वाचक आणि ऐवज हे दोन्ही पक्के झाले की ती आपोआप मागे पडते.

वाचक पक्का करायचा म्हणजे काय? ‘समस्त ख्रिस्ती बांधव’ हा वाचक होऊ शकत नाही. लेख सुरू करण्यापूर्वी एका माणसाचं नाव घ्या. मंडळीतली नवऱ्याच्या दारूने गांजलेली बहीण असेल, पुण्याला इंजिनीअरिंगला गेलेला आणि चर्चला जाणं सोडलेला पुतण्या असेल, प्रार्थनेला जोड म्हणून काही वाचायला मागणाऱ्या आजी असतील. लूकही थियफिल नावाच्या एका माणसासाठी लिहितो. आणि तो पहिल्याच वाक्यात मान्य करतो की हा वृत्तांत लिहायचं काम आधी पुष्कळांनी हाती घेतलेलं आहे. तो त्यांना नावं ठेवत नाही आणि त्यांच्यामुळे थांबतही नाही. शोध घेतला आहे, थियफिलाला नीट क्रमाने कळायला हवं, म्हणून लिहितो. लूक ‘एवढी पुस्तकं आहेत, आणखी माझं कशाला’ म्हणाला असता तर उधळ्या पुत्राची गोष्ट आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्याला मिळाली नसती. दोन्ही फक्त त्याच्याच शुभवर्तमानात आहेत.

ऐवजाबद्दल एक उदाहरण देतो. नाताळवरचे आपले लेख साधारण असे सुरू होतात: ‘नाताळ हा प्रेमाचा, शांतीचा आणि आनंदाचा सण आहे.’ हे वाक्य कोणीही लिहू शकतं, म्हणून ते लिहिणाऱ्याची तुलना कोणाशीही होऊ शकते. आता बीड किंवा नगर भागातल्या लेखकाने हे लिहिलं तर बघा: ‘डिसेंबरात आमच्या वस्तीतली निम्मी घरं कुलूपबंद असतात. कोयते ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात. नाताळच्या रात्री माझी चुलती कोपीपुढे तीन दगडांवर भात शिजवते आणि पहाटे चारला गाडी भरायची असते म्हणून गाणी म्हणायची राहून जातात.’ असं लिहिणाऱ्याला वसईच्या वाडीतल्या नाताळवर सुंदर लिहिणाऱ्याचा हेवा वाटायचं कारण उरत नाही. वसईकराला ही कोपी ठाऊक नाही आणि याला तिथल्या वाड्या, विहिरी, सामवेदी बोलीतली गाणी ठाऊक नाहीत. दोघंही एकाच गोठ्याबद्दल लिहितात. संपादकाला दोघंही हवे असतात, निदान असायला हवेत.

स्वतःचा ऐवज सापडत नसेल तर एक वही करा आणि महिनाभर फक्त ऐकलेलं लिहा. अंत्यविधीनंतर घरी बोललेली वाक्यं, घरगुती प्रार्थनेच्या सेलमध्ये साक्ष देताना एखादी बाई जिथे अडखळली तो शब्द, आजोबांनी सांगितलेली दुष्काळातल्या मिशनची आठवण. त्यावर भाष्य करू नका, बोधही काढू नका. महिन्याअखेरीस वही वाचा. लेख त्यातूनच निघतो.

हेव्याला शिकायला बसवा

ज्याचा हेवा वाटतो त्याचं लेखन टाळू नका, उलट जास्त बारकाईने वाचा. त्याच्या एखाद्या आवडलेल्या लेखातला एक उतारा हाताने उतरवून काढा. टाइप नको, पेनानेच. वाक्य कुठे तोडलं आहे, विशेषण कुठे टाळलं आहे, पवित्र शास्त्राचा संदर्भ कुठे आला आणि किती थोडक्यात आला, हे हाताला कळतं. मग स्वतःचा जुना लेख घेऊन त्या एका गुणासाठी दुरुस्त करा. एका वेळी एकच गुण. आठवडाभरात त्या लेखकाबद्दलचं तुमचं मन बदललेलं असेल, कारण तो आता प्रतिस्पर्धी राहत नाही, तुम्हाला शिकवणारा होतो. जमलं तर त्याला दोन ओळींचं पत्र लिहा आणि नेमकं काय शिकायला मिळालं ते सांगा. ‘फार सुंदर’ नको. कोणतं वाक्य, का आवडलं, एवढं लिहा. असं पत्र लिहिणं सुरुवातीला जड जातं, पण रोमकरांच्या पत्रातल्या आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याच्या शिकवणीला लेखकाच्या आयुष्यात याहून सोपं रूप मला माहीत नाही.

त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, हेही सांगायलाच हवं. ‘त्याला नम्रता दे’ अशी नको. त्याचं पुढचं पुस्तक चांगलं व्हावं, अशी करा.

एका बाबतीत मात्र घाई करू नका. प्रत्येक तुलना हेवा नसते. एखाद्या बाईला फक्त महिला विशेषांकापुरतं विचारलं जातं, दलित ख्रिस्ती लेखकाच्या जगण्यातला जातीचा चटका ‘कडवट वाटतो’ म्हणून संपादनात कापला जातो, खेड्यातल्या मंडळीतल्या माणसाची कविता न वाचताच परत येते. अशा वेळी ‘तुलना करू नका, प्रभू बघतो’ असं सांगणं अन्यायाला हातभार लावणं आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय बघा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली. ती तुलनेतूनच आली होती. प्रेषितांनी त्यांना समाधानी राहायचा उपदेश केला नाही. सात माणसं नेमली आणि वाटपाची व्यवस्था बदलली. तुमची तक्रार या जातीची असेल तर ती संपादक मंडळापुढे नावानिशी, उदाहरणासकट, सभ्य शब्दांत मांडा. लेख नाकारला तर कारण विचारा. चार जणांना तोच अनुभव असेल तर एकत्र जा.

ओळखायचं कसं? मला एक खूण उपयोगी वाटते. दुसऱ्याचं पान काढून घेतलं गेलं तर तुम्हाला बरं वाटेल का? वाटत असेल तर तो हेवा. त्याचं पान त्याच्यापाशी राहून तुमच्यासारख्या इतरांनाही जागा मिळावी असं वाटत असेल, तर तो न्यायाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी बोलायला हवं.

शेवटी बर्णबा, त्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ पुस्तकातला. यरुशलेमेतले शिष्य शौलाला भीत होते तेव्हा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेणारा हाच. पुढे अंत्युखियात काम वाढलं तेव्हा स्वतः तार्सास जाऊन शौलाला शोधून आणणाराही हाच. सुरुवातीला नावं ‘बर्णबा आणि शौल’ अशी येतात. तेराव्या अध्यायात क्रम उलटतो आणि शौल, आता पौल या नावाने, पुढे होतो. बर्णबाने त्याबद्दल काही म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तो काम करत राहतो.

तुमच्या मंडळीत लिहिणारं कोणीतरी नक्की असेल ज्याचं नाव अजून कोणत्याच संपादकाला माहीत नाही. तरुण संघातली एखादी मुलगी असेल, किंवा निवृत्त शिक्षक असतील, ज्यांच्या ट्रंकेत गीतांची वही पडून आहे. या महिन्यात त्यांच्याकडे जा. वही मागून घ्या, पूर्ण वाचा. शुद्धलेखन हवं तिथे पेन्सिलीने सुचवा, त्यांची बोली मात्र तशीच राहू द्या. जे सगळ्यात चांगलं वाटेल ते स्वच्छ अक्षरात उतरवून द्या आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या संपादकाचा पत्ता त्याच्यावर स्वतःच्या हाताने लिहा.